बाहेर पडण्याचा कौल

आबा, चेक नावाचा एक देश आहे. तुम्ही होतात तेव्हा त्याचं नाव जोडनाव होतं. पुढे भाऊ वेगळे होतात तसे त्यातले दोघे वेगळे झाले आणि हा एक उरला. त्याला समुद्र नाही. तुमची नात, माझी लेक, तिथे राहते, तिथल्याच मुलाशी लग्न करून. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा माझंच लग्न व्हायचं होतं. घरात मी तुम्हाला तू म्हणायचे, पण लिहायला बसलं की हात आपोआप तुम्ही म्हणतो, तर तसंच राहू दे. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं जपून ठेवली होती, ती आज काढली. पूजा झाली आहे, हे उरणला आपल्या ट्रेलरच्या मागे गेलेत, घरात मी एकटी आहे. गेले काही आठवडे त्या देशाच्या निवडणुकीनं माझं घरात लक्ष लागू दिलं नाही. रेवसची लाँच धरून भाऊच्या धक्क्याला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून दहादा पिशवी उघडून बघणारी बाई मी, मला तिकडच्या पक्षांचं काय, असं हे म्हणतात. ह्यांना मी सगळं सांगितलेलं नाही.

तुम्हाला समजेल असं सांगते. आपला जोळ होता ना, खाडीचं खारं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून चार गावांनी मिळून राखलेला बांध, घरटी एक माणूस कामाला, चारही गावांची एक बैठक आणि तिनं ठरवलं ते सगळ्यांना लागू, तसा तिकडे पुष्कळ देशांचा मिळून एक जोळ आहे. युरोपियन युनियन म्हणतात. बैठक ब्रुसेल्स नावाच्या गावी भरते. चेक देश त्यात आहे, पण मनापासून आहे की नाही ते त्यांचं त्यांनाच अजून ठरवता आलेलं नाही. सगळ्यांचा मिळून एक पैसा आहे तोही त्यांनी घेतला नाही, आपली नाणी आपल्याकडे ठेवली. निवडणूक आली की तिकडे कुणी उठतो आणि म्हणतो, बाहेर पडा, लोकांचं मत घ्या आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, आत राहू, पण त्यांचं ऐकायचं नाही. तिसरा म्हणतो, आत आहोत म्हणून माल खपतोय, पोरं कामाला जातायत. माझा जावई तिसऱ्यांतला. व्याही पहिल्यांतले, आणि नुसते मत टाकणारे नव्हेत, दारोदार पत्रकं वाटणारे.

व्याही तळ्यांवर काम करायचे. तिकडे राजांच्या वेळची मोठाली तळी आहेत, बांध घालून केलेली. त्यात मासा वाढवतात आणि थंडीच्या तोंडाशी पाणी सोडून तो धरतात. एकदा पोरीनं फोनवर त्यांना समोर बसवलं. लालबुंद गाल, पांढऱ्या मिशा, आणि बोटं तुमच्यासारखी, चिखलात जन्म काढलेल्या माणसाची. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही, त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला. पोरीनं मराठी केलं, "विचारतायत, समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, "सांग, बांध घालायचो. चिखलाचा. पाण्याकडच्या बाजूला दगड."

"कोण घालायचं? सरकार?"

"आम्हीच."

त्यांनी टेबलावर थाप मारली आणि जावयाकडे वळून काहीतरी बोलले. पोर हसत म्हणाली, "म्हणतायत, बघ, ह्यांनी ब्रुसेल्सला अर्ज केला नव्हता." मग त्यांनी मला पाणकावळ्याचं गाऱ्हाणं सांगितलं. आपल्याकडे बांधावर पंख पसरून वाळवत बसतो तोच काळा पक्षी. तिकडे तो झुंडीनं येतो आणि तळ्यातला मासा फस्त करतो, आणि युनियनच्या कायद्यामुळे त्याला हात लावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. "मी प्रागला विचारलं," ते म्हणाले, "प्रागनं ब्रुसेल्सला विचारलं. ब्रुसेल्सनं बहुतेक पक्ष्यालाच विचारलं." मी पदर तोंडाला लावून हसले. जावई मागून पुटपुटला की परवाना मिळतो, बाबांना कागद भरायचा कंटाळा. खरं कोणाचं ते देव जाणे. मला मात्र व्याही आवडले, आणि पुढे तेच अवघड झालं.

रविवारी तिकडे सगळे एकत्र जेवतात. निवडणूक जवळ आली तसा पोरीचा रविवारचा फोन उशिरा यायला लागला आणि आवाज बारीक झाला. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आज इकडचे पप्पा जेवताना म्हणाले, बाहेरून येणाऱ्यांना दार बंद केलं पाहिजे, युनियन आपल्या गळ्यात माणसं मारते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तू नाही, बाकीचे. आणि माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला."

"मग तू काय म्हटलंस?"

"थँक यू म्हटलं. बटाट्याबद्दल." मग म्हणाली, "आई, तो बटाटा मला गिळता येईना गं."

मग तिनं खरी गोष्ट काढली. तिला तिकडचं नागरिकत्व मिळू शकत होतं. मतदानानंतरच्या सोमवारी कचेरीत अर्ज द्यायची वेळ मिळाली होती. पण ते मिळालं की आपला पासपोर्ट परत करायचा, दोन्ही ठेवता येत नाहीत. "म्हणजे मी घरी येणार ती पाहुणी म्हणून," ती म्हणाली. "आणि नाही घेतलं, आणि उद्या पप्पांच्या पक्षाचं सरकार आलं, तर मी बाकीच्यांत जाणार का, ते कुणीच सांगत नाही. आई, तू देवीला कौल लाव. उजवा आला तर अर्ज देते. डावा आला तर नाही देत, दोन वर्षांत आम्ही दोघं तिकडेच येतो. त्याची तयारी आहे, मी विचारलंय."

मी म्हटलं, "एवढी शिकलीस, इस्पितळात रक्त तपासतेस आणि कौल मागतेस?"

"तूच सांगायचीस ना, आपल्याच्यानं ठरत नाही तेव्हा तिच्यावर सोडायचं."

आबा, मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. कौल म्हणजे तिला वाटतं तेवढंच, गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो, उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. तो कौल कोणाच्या हातातून जातो ते तिला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं.

माझ्या लग्नाआधीचा तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. चारांतल्या मोठ्या गावच्या देवळापुढे जोळाची बैठक भरलेली आहे. आपल्या गावच्या माणसांच्या हजेरीची वही माझ्याकडे असते, कारण गावात मॅट्रिक झालेली मी एकटीच पोर, म्हणून मी बायकांच्या मागे वही घेऊन बसलेय. आपलं गाव टोकाचं, खाडीच्या तोंडाशी. लाट पहिली आपल्याला लागते आणि दुरुस्तीची पाळी शेवटी येते. तुम्ही उभे राहून तेच सांगताय, आवाज न चढवता. मोठ्या गावचा पुढारी पानाला चुना लावतोय. वर न बघता म्हणतो, "टोकावर ऱ्हाता तं टोकाचाच मिळंल. बस खाली." लोक हसतात. तुम्ही बसत नाही. बैठक उठेपर्यंत उभेच राहता. पडवीत आल्यावर मला म्हणता, "बाय, वही काढ. लिव. आमाला तुमच्या जोळात ऱ्हायाचा न्हाय."

मी लिहिलं. चांगलं वळणदार लिहिलं, मला त्या अक्षराचा अभिमान होता. पण अर्धं गाव तुमच्या बाजूला आणि अर्धं म्हणत होतं, भांडू या, पण आत राहून भांडू. म्हणून बाहेर पडायचं का, असा कौल लावायचं ठरलं. संध्याकाळी आपल्या देवळात गुरवानं कळ्या लावल्या. सगळं गाव खाली बसलं. दिवे लागले, पोरं पेंगली, दोन्ही कळ्या जागच्या जागी. गुरव म्हणाला, "देवी विचार करते हाय, सकाली बगू," आणि दार ओढून घेतलं. देवळाची झाडलोट तेव्हा माझ्याकडे होती. उजाडताना मी केरसुणी घेऊन गेले. डावी कळी खाली पडलेली होती.

कानात त्या पुढाऱ्याचं "बस खाली" होतं. कौल डावा आला असता तर तुम्हाला पुन्हा त्या बैठकीत जाऊन बसावं लागलं असतं. मी कळी उचलली, ओंजळीतल्या पाण्यात बुडवली आणि परत खांद्यावर लावली. उजवीला हात लावला नाही. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे, उजवीला हात लावला नाही, जशी काही त्यानं माझी सुटका होणार आहे. गाव जमलं, गुरवानं गाऱ्हाणं घातलं, आणि उजवी पडली. तुम्ही डोळे मिटून हात जोडलेत. कित्येक दिवसांनी तुमचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

दोन वर्षं आपला बांध असा होता की पेणहून लोक बघायला येत. तिसऱ्या वर्षी भादव्याच्या अवसेला उधाण आलं, दुपारची भरती, समोरून वारा, आणि टोकाला खांड पडली. बांध फोडून समुद्र आत येतो ती खांड. पहिल्या तासात बुजली तर बुजते. आपली माणसं पेंढा आणि चिखल घेऊन धावतात. पलीकडे, त्यांच्या बांधाच्या शेवटाला, मोठ्या गावची माणसं येऊन उभी आहेत, घमेली भरलेली, कमरेला लंगोट आवळलेले. पुढारी पण आहे. पण दुसऱ्या जोळाच्या बांधावर हाक आल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, ही रीत. एका जोळात होतो तेव्हा हाकेची गरज नव्हती. आता होती, आणि ती तुम्ही मारायची होती. ती माणसं तुमच्या तोंडाकडे बघतायत. मी गुडघाभर पाण्यातून तुमच्यापर्यंत येते आणि म्हणते, "आबा, हाक मार." तुम्ही चिखल थापत राहता. मग माझ्याकडे न बघता म्हणता, "तुज्या हातानं लिवलंस ना? आता तूच पुसतंस?"

तुम्ही मला कधी मारलं नाहीत. तेवढं एकच वाक्य पुरलं. तुम्ही हाक मारली नाहीत, ती माणसं भरती शिगेला जाईपर्यंत उभी होती, मग घमेली रिकामी करून परत गेली. शेतात मीठ बसलं ते बसलंच. आज तिथे तिवरांचं रान आहे आणि गावातली पोरं ट्रेलर चालवतात. मला एवढंच वाटत राहिलं की तुम्हाला त्या दिवशी हाक मारता आली असती, जर तुम्हाला ठाऊक असतं की बाहेर पडा असं देवी बोललीच नव्हती. तुम्ही माणसाचा हट्ट सोडला असता, तिचा शब्द कसा सोडणार? पण खरं सांगायचं तर पुढे जोळात राहिलेल्या गावांचे बांधही फुटले, खाडीतून मालाच्या मोठ्या बार्जा जायला लागल्यावर, त्यांच्या लाटांनी, एकेकाचे. सगळा दोष बाहेर पडण्याचा असता तर मला निदान झोप लागली असती. तुमचं गाऱ्हाणं खरंच होतं. व्याह्यांचंही असेल. म्हणूनच भीती वाटते.

तर पोरीला मी टोलवायला लागले. आधी म्हटलं गुरवाला ताप आहे. मग म्हटलं पितृपक्षात नको, मग म्हटलं नवरात्रात गर्दी. तिनं एकदा सरळ विचारलं, "आई, तू टाळतेयस का?" मी म्हटलं, "छे गं." शुक्रवार आला. तिकडे मतदान दोन दिवस चालतं, शुक्रवारी दुपारपासून शनिवारी दुपारपर्यंत. सगळ्या पक्षांचे कागद आधीच घरी येतात. आपल्याला हवा तो पाकिटात घालायचा आणि पाकीट पेटीत टाकायचं. उरलेले कागद व्याह्यांनी शेगडी पेटवायला बाजूला काढले, हे मला पटलं. बाप-लेक एकाच गाडीतून शाळेत गेले, एकमेकांच्या विरुद्ध मत टाकून आले, येताना पाव घेऊन आले. पोरीला मत नाही. ती गाडीत बसून होती. तिथूनच तिनं फोन केला. "दोघंही शिट्टी वाजवत बाहेर आले," ती म्हणाली. "माझ्याच हातापायाला घाम."

शनिवारी उजाडताना मी तगरीच्या कळ्या घेऊन देवळात गेले. आता त्या गुरवाचा मुलगा आहे. त्यानं विचारलं, "काकी, कोणाचा कौल?"

"लेकीचा."

"काय म्हनून गाऱ्हाना घालू?"

मला सांगता येईना. तिला राहू दे की येऊ दे, अर्ज उजवा की घर उजवं, कसंही मांडलं तरी माझीच इच्छा त्यात येत होती. तो ताम्हनात पाणी घेऊन थांबला होता. मी देवीच्या खांद्यांकडे बघितलं आणि मला कळलं की डावी पडली नाही तर मी उद्या उजाडताना परत येईन. ह्या वयात, ही पाठ घेऊन, येईन. मी कळ्या पायाशी ठेवल्या आणि म्हटलं, "नको रे, आज नको." तो म्हणाला, "बरा," आणि पाणी तुळशीला घातलं.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. तिकडे अजून उजाडलं नसेल. निकाल लागला होता. बाहेर पडू म्हणणाऱ्यांना वाटलं होतं तेवढ्या जागा मिळाल्या नाहीत, व्याही तोंड पाडून बसले होते. पण जो सगळ्यांत मोठा पक्ष आला, आत राहून कुरकुरणारा, त्याला सरकार करायला व्याह्यांच्या पक्षाचे हात लागणारच होते. "म्हणजे जिंकले की हरले?" मी विचारलं. "आई, ते कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. "कौल लावलास?"

मी नाही म्हटलं. आणि का नाही ते सांगितलं. डावी कळी, ओंजळीतलं पाणी, उजवी, उधाण, सगळं. आजवर जे ह्यांना नाही, कुणाला नाही, ते फोनवर, त्या थंडीतल्या पोरीला.

"म्हणजे आजोबांना देवीनं नाही सांगितलं होतं," ती म्हणाली.

"व्हय."

"आणि तू हो केलंस."

"व्हय."

"मग माझ्या वेळी पण केलं असतंस?"

"म्हणून तर लावला नाही."

मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. ठेवते, मला कागद लावायचेत." सोमवारी तिनं अर्ज दिला. जावयाला कामावरून सुटता आलं नाही, म्हणून कचेरीत तिला व्याही घेऊन गेले. वाटेत निवडणुकीचं अक्षर काढलं नाही, पाणकावळ्यांबद्दल बोलत राहिले. ती आत होती तोवर थंडीत बाहेर उभे राहिले. ती बाहेर आल्यावर विचारलं, झालं? ती म्हणाली, झालं. गाडीचं दार त्यांनी उघडून धरलं.

मी तिला म्हटलं, छान केलंस. दोन दिवस मी तेच घोकून ठेवलं होतं आणि तेच म्हटलं. ही पानं कुठे पाठवायची नाहीत. संध्याकाळी बंबात घालीन, नाहीतर ह्यांच्या हाती लागायची. पण घालण्याआधी एक राहिलंय, ते पोरीलाही सांगितलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी, तिकडे दुपारी मतदान सुरू व्हायच्या वेळेला, मी स्वयंपाकघरातून उठले, देव्हाऱ्यापुढे बसले आणि देवीला पाच नारळ आणि ओटी बोलले. व्याह्यांच्या पक्षासाठी. त्यांचा एकही माणूस मला ठाऊक नाही, त्यांच्या पक्षाचं नाव मला धड उच्चारता येत नाही, तरी मी म्हटलं, आई, त्यांनाच निवडून आण. पोर घाबरून घरी येईल म्हणून.